आकाशातील लहरींचा कल : कल्याणपासून खोडदपर्यंत

भोपाळच्या जवाहर चौकात आणि त्याला लागून असलेल्या तात्या टोपे नगरात १९८० नंतरच्या दशकात घरोघरी दूरदर्शन संच आले, तेव्हा गच्च्यागच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे एक नवेच रान उभे राहिले. त्या काड्या सगळ्या आडव्या असत. वाऱ्याने एखाद्या घरचा अँटेना फिरला की चित्रात मुंग्या येत, आणि घरातील कोणीतरी गच्चीवर चढून, खालच्या माणसांना ओरडून विचारीत तो पुन्हा नीट करी. प्रक्षेपण केंद्राकडे तोंड वळविणे हा त्या खटाटोपाचा एक भाग होता. दुसरा भाग सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. काड्या जमिनीला समांतर राहणे आवश्यक होते. त्या उभ्या केल्या, तर दिशा बिनचूक असूनही चित्र फिके पडे. केंद्रातून येणाऱ्या लहरींचे आंदोलन आडव्या दिशेत होत असे, आणि उभी काडी आडव्या आंदोलनाला दाद देत नाही.

लहरीच्या आंदोलनाला असा एक ठरलेला कल असणे, यालाच पदार्थविज्ञानात ध्रुवण म्हणतात, आणि अशा लहरींना ध्रुवित लहरी. माणसाने मुद्दाम पाठविलेल्या लहरी बहुधा ध्रुवित असतात. परंतु आकाशातून, ज्यांच्यामागे कोणी प्रक्षेपक नाही अशा ज्या रेडिओ लहरी अहोरात्र पृथ्वीवर येत असतात, त्यांनाही कल असतो काय? असल्यास तो कोणाच्या लहरींना आहे, किती आहे, आणि त्याची आकाशभर मोजणी कशी करावयाची? या प्रश्नाचा इतिहास सुमारे ७० वर्षांचा आहे, आणि त्याची काही पाने महाराष्ट्रात, कल्याणला आणि जुन्नर तालुक्यातील खोडद या गावी लिहिली गेली आहेत.

आकाशातून रेडिओ लहरी येतात हेच मुळी १९३३ साली जगाला कळले. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता समुद्रापलीकडील दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचा उगम शोधीत होता, आणि त्यातील एक खरखर आकाशगंगेच्या मध्यभागातून येते असे त्याला आढळले. त्याच्या लहरींची लांबी १४.६ मीटर होती. पुढे १९३७ साली ग्रोट रेबर याने इलिनॉय राज्यातील आपल्या घराच्या परसात स्वतःच्या खर्चाने सुमारे ३१ फूट व्यासाची थाळी उभारली आणि आकाशाचे पहिले रेडिओ नकाशे काढले. या दोघांनी लहरी किती तीव्र आहेत एवढेच मोजले. त्या लहरी कशामुळे निर्माण होतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, मग त्यांच्या कलाचा विचार कोण करणार?

तो विचार १९५० नंतर सुरू झाला. स्वीडनमध्ये आल्फवेन आणि हेर्लोफसन यांनी, जर्मनीत कीपेनहॉयर याने आणि सोव्हिएत रशियात गिंझबुर्ग व श्क्लोव्हस्की यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून गिरक्या घेऊ लागले म्हणजे त्यांच्यापासून अशा लहरी निघतात. हे जर खरे असेल, तर त्या लहरी ध्रुवित असल्याच पाहिजेत, आणि त्यांचा कल चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात असला पाहिजे. क्षेत्र अगदी सरळ आणि एकसारखे असेल, तर ध्रुवणाचे प्रमाण शेकडा ७० पर्यंतही जावे. म्हणजे कल मोजला की अब्जावधी कोस दूर असलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा घरबसल्या कळावी! भाकीत मोठे होते आणि त्याची परीक्षाही तितकीच सरळ होती.

परीक्षेसाठी सर्वांनी क्रॅब नेब्युला निवडली. १०५४ साली चिनी दरबारी ज्योतिष्यांनी ज्या स्फोटाची नोंद केली, त्याचा हा अवशेष. १९५४ साली सोव्हिएत ज्योतिर्विदांना तिचा दृश्य प्रकाश ध्रुवित आढळला. मग रेडिओ लहरीही ध्रुवित असणारच, असे सर्वांनी धरले. १९५६ साली हॉलंडमध्ये वेस्टरहाउट याने २२ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर शोध घेतला, आणि त्याच्या हाती काहीच लागले नाही. वर्षभरातच, १९५७ साली, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत मेयर, मॅककलो व स्लोनेकर यांनी ३ सेंटिमीटरच्या लहरींवर तोच प्रयोग केला, आणि तेथे ध्रुवण स्पष्ट मिळाले. वस्तू तीच, आकाश तेच. मग आखूड लहरीत जे दिसते ते लांब लहरीत कोठे जाते?

याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. १३ सप्टेंबर १८४५ रोजी मायकेल फॅराडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिसेयुक्त जड काचेच्या तुकड्यातून ध्रुवित प्रकाश नेला आणि काचेवर चुंबकाचा प्रभाव पाडला, तेव्हा प्रकाशाचा कल वळलेला दिसला. आकाशातही तेच घडते. तारकांमधील पोकळी अगदीच पोकळ नाही. तेथे विरळ इलेक्ट्रॉन आहेत आणि क्षीण चुंबकीय क्षेत्र आहे. त्यातून जाताना लहरीच्या कलाला पीळ पडत जातो. हा पीळ लहरीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही यातील कळीची गोष्ट. एखाद्या मार्गाने येताना २१ सेंटिमीटरच्या लहरीचा कल जर अडीच अंशांनी वळत असेल, तर त्याच मार्गाने येणाऱ्या दोन मीटरच्या लहरीचा कल सुमारे २२७ अंशांनी वळतो. ज्या मार्गाने पहिलीचा कल २५ अंश वळेल, त्या मार्गाने दुसरी सहाहून अधिक पूर्ण फेरे घेते.

केवळ वळण्याने तसे काही बिघडत नाही. वळलेला कल मोजता येतो. पण उगम जाडजूड असतो. त्याच्या मागच्या बाजूने निघालेल्या लहरीला अधिक पीळ पडतो, पुढच्या बाजूच्या लहरीला कमी. शेजारशेजारच्या दोन मार्गांवरही पीळ सारखा नसतो. हे सर्व कल दुर्बिणीत एकत्र आले की परस्परांना मारून टाकतात, आणि शिल्लक राहतो तो कल नसलेला, सपाट गोंगाट. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे म्हणतात. येथे पीळच सुंभाला जाळून टाकतो.

आणि तरीही हा पीळ म्हणजे केवळ उपद्रव नव्हे. १९६२ साली ऑस्ट्रेलियात पार्क्स येथील नव्या २१० फुटी थाळीने कूपर व प्राइस यांनी सेंटॉरस ए या दीर्घिकेच्या लहरींचा कल निरनिराळ्या लांबींवर मोजला, तेव्हा तो लांबीच्या वर्गाप्रमाणेच वळत असल्याचे दिसले. म्हणजे पिळावरून वाटेतील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. त्याच वर्षी हॉलंडमध्ये व केंब्रिजमध्ये ४०८ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर, म्हणजे पाऊण मीटरच्या लहरींवर, खुद्द आपल्या आकाशगंगेच्या गोंगाटात ध्रुवण सापडले. कंप्रता म्हणजे एका सेकंदातील आंदोलनांची संख्या; ती जितकी कमी, तितकी लहर लांब. लहर जितकी लांब, तितका पीळ मोठा, आणि मोठा पीळ अधिक बारकाईने मोजता येतो. तेव्हा लांब लहरींवर ध्रुवण क्वचितच टिकते, पण जेथे टिकते तेथे साक्ष अत्यंत काटेकोर मिळते. पुढील साऱ्या इतिहासाचा पेच या एका वाक्यात आहे.

या इतिहासात भारतीयांचा प्रवेश झाला तो दोन समवयस्क माणसांच्या रूपाने. दोघेही १९२९ साली जन्मलेले. एक वेंकटरमण राधाकृष्णन, म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रमण यांचे चिरंजीव. दुसरे गोविंद स्वरूप, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यातले. राधाकृष्णन यांनी १९६० साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट्‌स यांच्याबरोबर गुरू ग्रहाच्या ९६० मेगाहर्ट्झ लहरी तपासल्या. त्या ठळकपणे ध्रुवित होत्या आणि ग्रहाच्या बिंबाबाहेरूनही येत होत्या. गुरूलाही पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्र आहे व त्यात इलेक्ट्रॉनांचे पट्टे आहेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. तेथे अंतराळयान पोहोचावयास अजून १३ वर्षे होती. याच राधाकृष्णन यांनी १९६९ साली कुक यांच्यासह वेला पल्सारच्या प्रत्येक स्पंदात कल कसा झपाट्याने फिरतो ते पाहून, पल्सार म्हणजे चुंबकीय ध्रुव आपल्यापुढून फिरविणारा तारा होय, हे चित्र मांडले. हा मनुष्य मधल्या काळात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एका छोट्या शिडाच्या होडीतून गेला होता. पुढे बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेची धुरा त्यांनी वाहिली आणि २०११ साली ते निवर्तले.

गोविंद स्वरूप यांची वाट निराळी होती. १९५३ साली ते कोलंबो योजनेखाली सिडनीस गेले. तेथे पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठी ख्रिस्तियानसेन यांनी सूर्याच्या अभ्यासासाठी सहा फुटी थाळ्यांची एक रांग उभारली होती. ३२ थाळ्यांची ही रांग स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी ६० सेंटिमीटरच्या लहरींसाठी बदलून घेतली. तिचे तिथले काम संपल्यावर ऑस्ट्रेलियाने त्या थाळ्या भारताला देऊन टाकल्या. दरम्यान स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. १९६१ साली त्यांनी व मेनन, कुंडू, कृष्णन या परदेशस्थ मित्रांनी होमी भाभांना पत्र लिहिले की, आम्ही परत येऊन भारतात रेडिओ ज्योतिषाचा गट उभारू इच्छितो. भाभांनी होकार दिला. १९६३ साली स्वरूप मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि १९६५ साली त्याच ३२ थाळ्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या : २४ पूर्व-पश्चिम रांगेत, ८ दक्षिणोत्तर. त्यांनी ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. भारतातील पहिली मोठी रेडिओ दुर्बीण ही अशी दुसऱ्याची वापरलेली आणि स्वतः पूर्वी हाताळलेली होती. परदेशी यंत्र विकत आणून त्याची फीत कापण्यापेक्षा या प्रकारात शिकण्यासारखे पुष्कळ असते.

त्यानंतर १९७० साली उटीची दुर्बीण पूर्ण झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे हे पन्हळ ज्या डोंगरउतारावर बसविले आहे, त्याचा चढ तेथील अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर होतो आणि एकाच आसाभोवती फिरवून आकाशातील उगमाचा तासन्‌तास पाठपुरावा करता येतो. युक्ती अस्सल, खर्च थोडा. तिच्या जोरावर उटीने चंद्राआड जाणाऱ्या शेकडो उगमांचे आकार मोजले आणि विश्वाच्या उत्पत्तीच्या वादात आपले मत नोंदविले. पण ध्रुवणाच्या दृष्टीने तिची एक मर्यादा होती. तिच्या साऱ्या काड्या दक्षिणोत्तर आहेत, जवाहर चौकातल्या गच्च्यांवरच्या काड्यांप्रमाणे एकाच दिशेच्या. त्यामुळे आकाशातील लहरीचा एकच कल तिला दिसतो. दुसऱ्या कलाचा तिच्यापुढे पडदा.

ही निवड चुकीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कामासाठी ती बांधली त्याला एक कल पुरेसा होता, आणि दोन्ही कलांची व्यवस्था करावयाची तर ग्राहकयंत्रे दुप्पट लागली असती. पण या मर्यादेतूनच पुढे एक देखणी युक्ती निघाली. १९९०च्या दशकात रमण संस्थेतील अविनाश देशपांडे व पी. एस. रामकुमार यांनी पाहिले की, पल्सारच्या लहरींना वाटेत पीळ पडलेला असतो आणि तो दर कंप्रतेला वेगळा असतो. म्हणून एककली दुर्बिणीतही कंप्रता बदलत नेली की तीव्रता चढते, उतरते, पुन्हा चढते. या चढउतारावरून मूळचे ध्रुवण काढता येते. ज्या पिळामुळे ध्रुवण हरवावयाचे, त्याच पिळाला त्यांनी दुसऱ्या डोळ्याचे काम करावयास लावले.

खोडदची दुर्बीण बांधताना मात्र दोन्ही डोळे आधीच उघडे ठेवले गेले. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ, डोंगरांच्या आडोशामुळे मुंबई-पुण्याच्या गोंगाटापासून काहीशी सुरक्षित अशी ही जागा. येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांतील १४ एका चौरस किलोमीटरच्या टापूत, आणि १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटर प्रदेशात पसरलेल्या. पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवून त्या हलक्या व स्वस्त केल्या. लहर मीटरभर लांब असली की बोटभर छिद्रांची जाळी तिला आरशासारखीच वाटते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जे. आर. डी. टाटा यांच्या स्मृतीला अर्पण झाली, आणि दुसऱ्या वर्षापासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यातच वारले. खोडदच्या थाळ्या ही त्यांची सर्वांत मोठी मिळकत.

खोडदच्या थाळ्या लांब लहरी उजव्या गिरकीच्या आणि डाव्या गिरकीच्या अशा दोन भागांत टिपतात. कोणतीही कललेली लहर या दोन गिरक्यांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि दोहोंत मागेपुढे किती अंतर पडले त्यावरून कल कळतो. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात उजव्या वाटेतील थोडा अंश डाव्या वाटेत झिरपतो. थाळी ज्या बिंदूकडे रोखलेली असते तेथे हा झिरपा कमी, कडेला जास्त. आता गंमत पाहा. दोन मीटरच्या लहरींवर बहुतेक उगमांचे ध्रुवण शेकडा एकाहूनही कमी असते. यंत्राचा झिरपा मात्र कडेला शेकडा तीनच्या घरात जातो. मोजावयाच्या वस्तूपेक्षा मापाची चूकच मोठी! तोंडी लावण्याचे मीठ धान्याच्या काट्यावर तोलण्यासारखा हा उद्योग आहे.

हा झिरपा किती ते खोडदला एका सुंदर पद्धतीने मोजले गेले. २००९ साली कॅनडातील वे-ली पेन, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील यशवंत गुप्ता व जयंत रॉय, आणि इतर सहकारी यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे खरे लक्ष्य फार दूरचे होते : विश्वातील पहिल्या ताऱ्यांनी हायड्रोजन वायू तापवून विदीर्ण केला त्या काळाची मंद खूण. ही खूण १५० मेगाहर्ट्झच्या आसपास शोधावयाची, तर आपल्या आकाशगंगेच्या ध्रुवित लहरी आड येतील अशी भीती होती. म्हणून त्या किती आहेत ते आधी पाहणे प्राप्त होते. मापन जुळविण्यासाठी त्यांनी निरीक्षणाच्या मध्यभागी बी ०८२३+२६ हा पल्सार ठेवला. तो अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळाने लुकलुकतो. तो पेटलेला असतानाच्या नोंदीतून तो विझलेला असतानाची नोंद वजा केली की आकाशातील आणि जमिनीवरील सारा स्थिर गोंगाट आपोआप जातो, आणि एक शुद्ध, ध्रुवित दिवा हाती उरतो. त्या दिव्यावर यंत्राचे दोष तपासले गेले.

आणि निकाल? ध्रुवण आढळले नाही. अधिक नेमके सांगावयाचे तर, अधिक कंप्रतेच्या नकाशांवरून जेवढे अपेक्षित होते त्याहून ते पुष्कळच कमी निघाले. त्यांना केवळ वरची मर्यादा देता आली. वर्तमानपत्राच्या दृष्टीने ही बातमीच नव्हे. “पुण्याजवळच्या दुर्बिणीला काहीही दिसले नाही” असा मथळा कोण देईल? परंतु शास्त्राच्या दृष्टीने ही फार मोलाची नोंद होती, कारण ज्या अडथळ्याच्या भीतीने अनेकजण धास्तावले होते तो त्या दिशेने तरी तितका मोठा नाही, हे तीमुळे कळले. १९५६ साली वेस्टरहाउटला काही मिळाले नाही, त्याचाही अर्थ पुढच्या माणसाला लागला होता.

त्यानंतर खोडदने आकाशाची मोजणीच हाती घेतली. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या दोन वर्षांत, सुमारे २००० तास, १५० मेगाहर्ट्झवर, ध्रुवताऱ्यापासून दक्षिणेकडे खोडदहून जेथवर दिसते तेथवरचे आकाश तुकड्यातुकड्यांनी टिपले गेले. संदीप सिरोठिया, निमिषा कांथारिया, ईश्वर-चंद्र व गोपाल-कृष्ण हे या योजनेचे प्रवर्तक. निरीक्षणे झाली, पण ती निस्तरून त्यांचे नकाशे करणे हे त्याहून मोठे काम होते. काही भागांचे नकाशे प्रवर्तकांनी प्रसिद्ध केले. पूर्ण आकाशाचे काम मात्र दुसऱ्या एका गटाने केले : हॉलंडचे हुइब इंटेमा, आणि जगन्नाथन, मूले व फ्रेल. त्यांनी खोडदच्या खुल्या दप्तरातील त्याच नोंदी घेतल्या, आयनांबरामुळे होणारी चित्राची थरथर काढून टाकणारी नवी पद्धती वापरली, आणि २०१७ साली आकाशाच्या शेकडा ९० भागाचा नकाशा व सुमारे ६ लाख २३ हजार उगमांची यादी जगापुढे ठेवली. या घटनेकडे कोणी खंतावून पाहतात. ती दृष्टी संकुचित आहे. दप्तर खुले ठेवले म्हणूनच नोंदींचे चीज झाले. बंद कपाटात त्या आजही तशाच पडल्या असत्या.

मात्र ही यादी तीव्रतेची आहे. तिच्यात कल नाही. ६ लाख उगम कोठे आहेत व किती तेजस्वी आहेत ते तीत मिळते, त्यांच्या लहरी कशा कललेल्या आहेत ते मिळत नाही. कलांची मोजणी इतरांनी केली, आणि तीही सहज झाली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशातील मर्चिसन येथील दुर्बिणीच्या प्राथमिक आवृत्तीने १८९ मेगाहर्ट्झवर २४०० चौरस अंश आकाश पाहिले. २०१३ साली निकाल जाहीर झाला तेव्हा यादीतील केवळ एका उगमात ध्रुवण मिळाले होते, तेही शेकडा दोनहून कमी. २१ सेंटिमीटरच्या लहरींवर असेच उगम सरासरी शेकडा सात ध्रुवित असतात! पुढे पूर्ण दुर्बिणीने २०२० पर्यंत ५०० च्या आसपास ध्रुवित उगम गोळा केले. हॉलंडच्या लोफार दुर्बिणीने २०२३ साली ५७२० चौरस अंशांतून २४६१ उगमांची यादी दिली. त्या भागात लोफारला दिसणाऱ्या एकूण उगमांत हे प्रमाण पाचशेत एक असे पडते. पण त्या एकाचा पीळ आखूड लहरींच्या मापनाहून सुमारे शंभरपट सूक्ष्मतेने कळतो, आणि त्यावरून दीर्घिकांच्या समूहांना जोडणाऱ्या विरळ तंतूंतील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज करता आला. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे एक कोटीव्या हिश्श्याइतके आहे.

खोडद या मोजणीत मागे का राहिले? झिरप्याचे कारण वर आलेच आहे. दुसरे कारण पट्ट्याची रुंदी. २०१० च्या त्या निरीक्षणांत १४० ते १५६ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा होता. पिळाचे मान ओळखावयाचे तर तो निरनिराळ्या कंप्रतांवर कसा बदलतो ते पाहावे लागते. पट्टा जितका रुंद, तितके हे काम पक्के. बर्न याने १९६६ साली याचे गणित मांडले होते, आणि २००५ साली ब्रेंटयेन्स व द ब्रॉइन यांनी त्यावरून, प्रत्येक संभाव्य पीळ उलटा उलगडून पाहण्याची पद्धती तयार केली. संगणक स्वस्त झाल्यावरच ती शक्य झाली.

तिसरे कारण आपल्या डोक्यावर आहे. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा, विद्युद्भारित थर म्हणजे आयनांबर, तोही लहरीला पीळ देतो. दोन मीटरच्या लहरीला कित्येकदा अर्ध्या फेऱ्याहून अधिक. हा पीळ तासातासाला बदलतो. त्यातही भारताची परिस्थिती विशेष बिकट आहे. दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथे दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेस व दक्षिणेस साचतात. उत्तरेकडील ही रास बरोबर अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर येते. जवाहर चौकाच्या माथ्यावरील आयनांबर हे अशा रीतीने जगातील सर्वांत दाट आणि चंचल आयनांबरांपैकी एक आहे, आणि म्हणूनच भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठात त्याचा अभ्यास वर्षानुवर्षे चालत आला. खोडद या राशीच्या पायथ्याशी आहे. २०२२ साली इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सर्वेश मंगला व अभिरूप दत्ता यांनी उलटाच मार्ग धरला. खोडदच्या दुर्बिणीने आकाश पाहताना जी थरथर त्रासदायक वाटते, तिच्यावरूनच त्यांनी आयनांबर मोजून दाखविले.

२०१० नंतरच्या दशकात खोडदच्या थाळ्यांना नवी ग्राहकयंत्रे बसली. जुन्या अरुंद पट्ट्यांच्या जागी १२५ ते २५०, २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असे रुंद पट्टे आले. पीळ उलगडण्यास जे हवे होते ते आता हाताशी आहे. परंतु रुंद पट्ट्यात माणसाचा गोंगाटही अधिक शिरतो. पेन व सहकाऱ्यांना १५० मेगाहर्ट्झवर सर्वांत मोठा त्रास आकाशापासून नव्हे, तर विजेच्या वाहिन्यांवरील ठिणग्यांपासून झाला, आणि त्या शोधून काढून वजा करण्याची पद्धतीही त्यांना नव्याने बसवावी लागली.

यातूनच आजचा वाद उभा राहिला आहे. पुणे ते नाशिक वेगवान रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून न्यावयाचा बेत होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे दुर्बिणीला बाधा येईल म्हणून त्या मार्गाला हरकत घेण्यात आली, आणि मार्ग दुसरीकडून नेण्याचा विचार पुढे आला. जुन्नर-संगमनेर भागातील लोक यावर नाराज झाले. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे म्हणजे बाजारपेठ; ध्रुवित लहर त्याच्या ताटात काही वाढीत नाही. दुसऱ्या बाजूने, शांतता ही अशी चीज आहे की एकदा मोडली म्हणजे पैसे देऊन परत आणता येत नाही, आणि लांब लहरी ऐकण्याजोग्या शांत जागा देशात फार थोड्या उरल्या आहेत. गावकऱ्यांना ही गोष्ट आजवर नीट समजावून सांगितली गेली आहे काय, याची शंका येते. खोडदला दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनी दुर्बीण पाहावयास शाळाशाळांतील मुलांची रीघ लागते. त्या मुलांचे पालक रेल्वे मागतात, यात विसंगती काही नाही.

राहता राहिली ती २०१० ते २०१२ ची दप्तरे. त्या निरीक्षणांत केवळ तीव्रता नोंदलेली नाही. उजवी-उजवी, डावी-डावी, उजवी-डावी आणि डावी-उजवी अशा चारही जोड्या दर अर्ध्या सेकंदाला, २५६ वाहिन्यांत टिपलेल्या आहेत. २०१७ च्या यादीसाठी त्यांतील पहिल्या दोनच लागल्या. कल ज्यांत दडलेला असतो त्या उरलेल्या दोन जोड्या त्या यादीने वापरल्याच नाहीत.